डोमेनवर यूडीआरपीची तक्रार आली तेव्हा

तुमच्या वेबसाइटच्या नावावर कुणी तक्रार केली आणि 'नोटिफिकेशन ऑफ कम्प्लेंट' अशा विषयाचा ईमेल येऊन पडला, तर आधी एवढंच करा: तो स्पॅम समजून उडवू नका आणि घाबरून लगेच नाव देऊनही टाकू नका. हातात 20 दिवस असतात. घाई करावी लागते, पण झोप उडवून घेण्याइतकी नाही. मी मात्र पहिला आठवडा झोप उडवून घेण्यातच घालवला. मार्च ते मे 2024 मध्ये मी या प्रक्रियेतून, म्हणजे डोमेनच्या नावावरून ट्रेडमार्कवाल्यांशी होणारे वाद कोर्टाबाहेर सोडवण्याच्या यूडीआरपी या पद्धतीतून गेलो. मी वकील नाही, त्यामुळे पुढचं सगळं एका प्रतिवादीच्या खुर्चीतून बघितलेलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै 2009 मध्ये मी दोन साधे, रोजच्या वापरातले शब्द जोडून एक डॉट-कॉम नाव घेतलं होतं. आकाशनिरीक्षणाची हौस, ग्रहणांच्या वेळा, उल्कावर्षावाच्या रात्री, दुर्बिणीच्या नोंदी असं काहीबाही मी तिथं लिहायचो. पुढं लिहिणं कमी होत गेलं. शेवटचा लेख 2020 चा. दरम्यान 2016 मध्ये दुसऱ्या एका देशात नेमक्या त्याच नावाची कंपनी निघाली. आकाशाशी तिचा काही संबंध नव्हता. तिनं 2017 मध्ये ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, 2018 मध्ये तो नोंदला गेला. मला हे काहीच माहीत नव्हतं. नोव्हेंबर 2023 मध्ये एका मध्यस्थाचा ईमेल आला होता, 'हे नाव विकायचं आहे का, अपेक्षा सांगा.' ग्राहकाचं नाव त्यात नव्हतं. असे ईमेल अधूनमधून येतातच. मी उत्तर दिलं नाही, पण तो ठेवून दिला. पुढं तो फार कामी आला.

7 मार्चला रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलेलं असतं तिच्याकडून, दोन ओळींचा ईमेल आला की डोमेन 'लॉक' केलं आहे, एका वादाची प्रक्रिया सुरू झाली आहे. कोणाचा वाद, कसला वाद, काही नाही. मी खात्यात जाऊन बघितलं तर नाव दुसरीकडे हलवण्याचा पर्याय बंद, मालकाचा तपशील बदलण्याचा पर्याय बंद. साइट मात्र चालू होती, ईमेलही येत-जात होते. पुढं हे लॉक जवळजवळ दोन महिने राहिलं आणि साइट एक दिवसही बंद पडली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'लॉक' वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढं काळा पडदा आला होता.

तक्रारीच्या आधी लॉक का? कारण पूर्वी तक्रारीची प्रत प्रतिवादीला आधीच मिळायची, आणि काही महाभाग ती मिळताच नाव तिसऱ्याच्याच नावावर करून मोकळे व्हायचे. 31 जुलै 2015 पासून नियम बदलला. तक्रार आल्यावर प्रकरण चालवणारी संस्था गुपचूप रजिस्ट्रारला विचारते, रजिस्ट्रारनं कामकाजाच्या दोन दिवसांत लॉक लावून उत्तर द्यायचं असतं, आणि मग मालकाला कळतं. म्हणजे माझ्यावर कुणी संशय घेतला म्हणून लॉक नव्हतं, ते सगळ्यांनाच लागतं.

त्यानंतर 14 मार्चपर्यंत शांतता. त्या काळात काय चाललं होतं ते नंतर कागदांवरून कळलं. तक्रार 4 मार्चला दाखल झाली होती आणि तिच्यात प्रतिवादीच्या जागी माझं नावच नव्हतं. 25 मे 2018 ला युरोपचा जीडीपीआर हा माहितीच्या गोपनीयतेचा कायदा लागू झाल्यापासून हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीत, खासगी माणसांची माहिती झाकलेली असते. त्यामुळे तक्रारदार आधी निनावी माणसाविरुद्ध तक्रार करतो, रजिस्ट्रार खरं नाव संस्थेला कळवतो, संस्था तक्रारदाराला सांगते आणि तो दुरुस्त तक्रार देतो. माझ्या बाबतीत दुरुस्ती 11 मार्चला झाली.

14 मार्चचा तो ईमेल माझ्या रजिस्ट्रारकडे असलेल्या पत्त्यावर आला आणि माझ्याच डोमेनवरच्या 'पोस्टमास्टर' या पत्त्यावरही. हा पत्ता मी कधी वापरला नव्हता, पण नियमात तिथंही पाठवायचं आहे. सोबत तक्रार, तिची डझनभर जोडपत्रं, प्रकरणाचा क्रमांक आणि उत्तराची अंतिम तारीख, 3 एप्रिल. पाठवणारी संस्था विपो, म्हणजे बौद्धिक संपदेसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, जिनिव्हा. तक्रारीत माझं वर्णन 'सायबरस्क्वॅटर', म्हणजे दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव अडवून बसणारा, असं होतं. स्वतःबद्दल असं काही वकिली भाषेत, क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत वाचलं की दहा मिनिटं आपल्यालाच खरं वाटायला लागतं.

ओळखीच्या एक वकील ताई आहेत, ट्रेडमार्कचं काम करतात. त्यांना फोन केला. मी विचारलं, "ताई, पण हे लोक कोण मला बोलावणारे? ना माझ्या देशाचं कोर्ट, ना त्यांच्या." त्या म्हणाल्या, "बोलावलंय कुठं तुला? तूच सही करून आलायस. तुझ्या रजिस्ट्रारचा करार उघड आणि 'डिस्प्यूट' शब्द शोध."

शोधला. सापडला. डोमेन घेताना आपण ज्या चौकोनात टिक करतो, त्या करारात एक कलम असतं की नावावरून ट्रेडमार्कवाल्याशी वाद झाला तर यूडीआरपी नावाचं धोरण लागू राहील. रजिस्ट्रारला ते घालावंच लागतं, कारण आयकॅनशी झालेल्या त्याच्या करारात तशी अट असते. आयकॅन ही इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणारी, 1998 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. म्हणजे मला बांधणारा कुठला आंतरराष्ट्रीय तह नव्हता, कुठल्या संसदेनं केलेला कायदाही नव्हता. होती ती एकात एक अडकवलेल्या करारांची साखळी, आणि तिचं शेवटचं टोक मी केलेल्या त्या 'टिक'मध्ये.

हे कसं झालं ते मी त्या दिवसांत बरंच वाचलं, खरं तर उत्तर लिहायचं टाळण्यासाठी. अमेरिकन सरकारनं 1998 मध्ये इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळायचं काम खासगी ना-नफा संस्थेकडे द्यायचं ठरवलं, तेव्हाच ट्रेडमार्कच्या भांडणांचा अभ्यास विपोनं करावा असंही सुचवलं. विपोचा अहवाल एप्रिल 1999 मध्ये आला. आयकॅननं ऑगस्टमध्ये धोरण स्वीकारलं, ऑक्टोबरमध्ये नियम मंजूर केले आणि डिसेंबरात पहिली तक्रार दाखलही झाली. एका कुस्तीच्या करमणूक-कंपनीची. 14 जानेवारी 2000 ला तिचा निकाल लागला. देशांनी एकत्र बसून तह केला असता तर मसुद्याच्या पहिल्या कलमावरचा स्वल्पविराम अजून वादात असता. हा वेग मला मान्य आहे.

पण दुसरी बाजूही आहे. ट्युनिसच्या 2005 च्या शिखर परिषदेत इंटरनेट गव्हर्नन्सची व्याख्या ठरली: सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेतून सामायिक तत्त्वं, निकष, नियम आणि निर्णयप्रक्रिया घडवणं आणि वापरणं. आयकॅनमध्ये सरकारांची समिती सल्लागार आहे, हुकूम सोडणारी नाही. 1 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकन सरकारची शेवटची देखरेखही करार संपून गेली. कागदावर सगळ्यांना जागा आहे. माझं म्हणणं एवढंच की या टेबलावर ट्रेडमार्कचे मालक पगारी माणसं पाठवतात आणि हौशी साइटवाले तक्रार आल्यावरच टेबल आहे हे ओळखतात. यूडीआरपीत तक्रार कोण करू शकतो? फक्त ज्याच्याकडे ट्रेडमार्कचे हक्क आहेत तो. माझ्यासारख्यानं फक्त उत्तर द्यायचं.

असो. उत्तराकडे वळू.

तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही कराव्या लागतात. एक, डोमेन त्याच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. दोन, त्या नावावर तुमचा हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही. तीन, तुम्ही ते नाव बॅड फेथनं, म्हणजे वाईट हेतूनं, नोंदवलं आहे आणि तसंच वापरत आहात. या तिसऱ्यातला 'आणि' नीट बघा. नोंदवतानाचा हेतूही वाईट हवा आणि वापरही. नुसतं एक पुरत नाही.

पहिल्या मुद्द्यावर शब्द वाया घालवू नका असं ताईंनी सांगितलं. ती पायरी बुटकी आहे. नाव आणि चिन्ह शेजारी-शेजारी ठेवून बघतात, बस. माझं नाव तर तंतोतंत तेच होतं. मी एका वाक्यात तसं मान्य केलं आणि पुढं गेलो. दुसऱ्यावर म्हटलं की वादाची कुणकुण लागण्याच्या कितीतरी आधीपासून मी या नावाखाली खरोखरची साइट चालवतोय, बिगरव्यापारी. सगळा जोर तिसऱ्यावर. 2009 मध्ये ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. जे नाहीच त्याच्यावर डोळा कसा ठेवणार?

इतकं सरळ असेल तर तक्रार झालीच कशी, असं मलाही वाटलं. तक्रारीत त्याचं उत्तर होतं: दरवर्षी डोमेनचं नूतनीकरण करता, तेव्हा ती नव्यानं केलेली नोंदणीच धरावी, आणि 2018 नंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी तुम्हाला आमचं नाव माहीत असायलाच हवं होतं. ही युक्ती हवेतून काढलेली नाही. 2009 च्या सुमारास काही पॅनेलिस्टांनी, म्हणजे अशा तक्रारींचा निकाल देणाऱ्या तज्ज्ञांनी, या दिशेनं निकाल दिले होते. पुढं तो विचार मागं पडला. विपोनं पॅनेलिस्टांच्या मतांचा जो आढावा ठेवला आहे, त्याच्या 2017 च्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट आहे: नोंदणी ट्रेडमार्कच्या आधीची असेल तर सर्वसाधारणपणे वाईट हेतू धरत नाहीत, आणि नुसत्या नूतनीकरणानं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. मात्र नाव एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलं तर येतं. हा आढावा विपोच्या साइटवर फुकट वाचता येतो. वकील न करता उत्तर देणाऱ्यानं दुसरं काही वाचलं नाही तरी तो वाचावा. जुने निकाल इथं कोर्टासारखे बंधनकारक नसतात, पण पॅनेलिस्ट त्यांना धरून चालतात.

इथं माझं खरं काम निघालं. 2014 मध्ये मी रजिस्ट्रार बदलला होता. तक्रारदारानं जोडलेल्या हूइजच्या पानावर मालकाची जागा कोरी आणि वर 2014 नंतरचा रजिस्ट्रार. त्यावरून त्यांनी सुचवलं होतं की सध्याच्या मालकानं हे नाव मधेच कधीतरी विकत घेतलं असावं. म्हणजे 2009 पासून आजवर मालक मीच आहे, हे मला दाखवायचं होतं. आणि दाखवणार कशानं? पहिला रजिस्ट्रार दुसऱ्या कंपनीत विलीन झालेला, जुनं खातं बंद.

जुन्या ईमेलमध्ये 2009 ची पावती सापडली: नाव, तारीख, डोमेन, सगळं एकाच पानावर. मग दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या पावत्या काढल्या. दोन वर्षांच्या सापडल्या नाहीत, त्यांच्या जागी कार्डाच्या स्टेटमेंटमधली ओळ लावली आणि बाकीच्या ओळी काळ्या केल्या. जुन्या हूइज-नोंदी साठवून विकणाऱ्या सेवा असतात, त्यांच्याकडून 2010, 2013 आणि 2015 च्या नोंदी घेतल्या. तिन्हींत मालक म्हणून माझंच नाव. 2013 आणि 2015 शेजारी-शेजारी ठेवल्या की रजिस्ट्रार बदलला आणि माणूस तोच हे एका नजरेत दिसतं. या एका जोडपत्रानं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं असं मला वाटतं.

दुसरा आधार वेबॅक मशीन, म्हणजे वेबसाइटांच्या जुन्या प्रती जपणारा ऑनलाइन संग्रह. तिथं माझी साइट 2009 च्या शेवटापासून होती. 15 जानेवारी 2010 च्या कंकणाकृती सूर्यग्रहणावरचं माझं पान जसंच्या तसं जपलेलं, तेव्हाच्या माझ्या हिरव्या-पिवळ्या रंगसंगतीसकट. ती बघून लाज वाटली, पण पुरावा म्हणून ती अमोल होती. वेबॅकची पानं घेताना नुसता स्क्रीनशॉट काढू नका. वरच्या पट्टीतली तारीख आणि पूर्ण पत्ता दिसेल असं पान पीडीएफ करा. पानं मराठीत आणि कामकाजाची भाषा इंग्रजी. भाषा ठरते ती नोंदणी-करार ज्या भाषेत असेल त्यावरून, आणि इतर भाषेतल्या कागदांचं भाषांतर मागायचा अधिकार पॅनेलला असतो. म्हणून प्रत्येक पानाखाली चार-पाच ओळींत त्यात काय आहे ते इंग्रजीत लिहिलं आणि मुख्य दोन पानांचं पूर्ण भाषांतर दिलं.

आणखी एक टोचणारा मुद्दा जाहिरातींचा होता. 2012 ते 2016 साइटवर जाहिरातींची एक पट्टी होती. तक्रारीत ती व्यापारी वापर म्हणून दाखवली होती. मी काही लपवलं नाही. पट्टी होती, कशाची होती (दुर्बिणी, पुस्तकं), कधी काढली, सगळं लिहिलं. त्या जाहिराती त्यांच्या व्यवसायाच्या नव्हत्या, आणि त्यातली बहुतेक वर्षं तो व्यवसाय सुरूही झाला नव्हता. उत्तराच्या शेवटी एक ठरावीक प्रमाणन असतं, त्याखाली सही करावी लागते: दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे पूर्ण आणि अचूक आहे. ते आधी वाचून ठेवा म्हणजे लिहिताना हात आपोआप आवरतो.

खर्चाचं सांगतो. तक्रार करणाऱ्याला माझ्या वेळी विपोकडे 1500 अमेरिकन डॉलर भरावे लागत होते. एक ते पाच नावं आणि एक पॅनेलिस्ट असेल तर. त्यातले 1000 पॅनेलिस्टचे, 500 संस्थेचे. प्रतिवादीला शून्य. फक्त प्रतिवादीनं तीन जणांचं पॅनेल मागितलं तर एकूण 4000 होतात आणि अर्धे, म्हणजे 2000, त्याला भरावे लागतात. मी दोन दिवस यावर घुटमळलो. तिघे असले की एकाच्या विक्षिप्तपणाला आळा बसतो, आणि आपल्या पसंतीची नावंही सुचवता येतात. पण मुद्दा 2009 विरुद्ध 2017 इतका सरळ होता की मी एकावरच समाधान मानलं. प्रकरणाला खरोखर दोन बाजू असत्या तर 2000 डॉलर काढले असते. माझा खर्च झाला तो हूइजच्या जुन्या नोंदींवर, आणि तोही मामुली. ताईंनी फी घेतली नाही, पण त्यांनी उत्तर लिहूनही दिलं नाही: "लिही तू, वाचते मी."

30 मार्चला माझ्या लक्षात आलं की भाषांतरं पुरी होत नाहीत. नियमात एक सोय आहे जी कुणी ओरडून सांगत नाही: प्रतिवादीनं मुदतीच्या आत मागितले तर चार दिवस वाढवून मिळतातच, कारण विचारत नाहीत. एका ओळीचा ईमेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नवी तारीख 7 एप्रिल. विपोच्या प्रकरण सांभाळणाऱ्यांचा सूर सगळ्या पत्रव्यवहारात असाच होता, कोरडा आणि स्वच्छ. ते कायदेशीर सल्ला देत नाहीत, पण प्रक्रियेबद्दल काही विचारलं तर सांगतात.

उत्तराचा नमुना त्यांच्याच साइटवर वर्डच्या फाइलमध्ये मिळतो. मर्यादा 5000 शब्दांची. माझा पहिला खर्डा तिच्यापेक्षा मोठा आणि तक्रारदाराच्या नीतिमत्तेवर प्रवचन देणारा होता. ताईंनी त्यातली विशेषणं कापली आणि शेवटी तो निम्म्याहून कमी झाला. मध्यस्थाचा नोव्हेंबरचा ईमेल आम्ही जोडपत्र म्हणून लावला. आधी विकत घ्यायचा प्रयत्न, तो फसल्यावर तक्रार, हा क्रम या क्षेत्रातल्या लोकांच्या ओळखीचा आहे. त्याला ते 'प्लॅन बी' म्हणतात. मध्यस्थ तक्रारदाराचाच होता हे मी सिद्ध करू शकत नव्हतो, म्हणून तसा दावा केला नाही. नुसत्या तारखा दिल्या. तुमच्याकडे असा ईमेल आला तर एक सांगतो: रागानं किंवा गमतीनंही अवाच्या सवा आकडा कळवू नका. नाव मुळात ट्रेडमार्कवाल्याला चढ्या भावानं विकायलाच घेतलं होतं, असं दाखवणं हा वाईट हेतूचा पहिला नमुना म्हणून धोरणातच लिहिलेला आहे, आणि तुमचा आकडा त्याच्या समर्थनाला जोडला जातो.

6 एप्रिलला उत्तर गेलं. पोच आली. वाटलं, सुटलो.

12 एप्रिलला तक्रारदाराचं 'पुरवणी निवेदन' आलं. अशी पुरवणी द्यायचा हक्क नियमांत नाही. पॅनेलला हवं असेल तर ते मागतं, न मागता आलेलं घ्यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. तरी समोरच्यानं पाठवल्यावर आपण गप्प कसं बसायचं? निवेदनात नवा दावा होता की ते 2008 पासूनच हे नाव अनौपचारिकपणे वापरत होते. पुरावा म्हणून संस्थापकाचं प्रतिज्ञापत्र. अनोंदणीकृत चिन्हालाही काही परिस्थितीत हक्क मिळतात, पण लोकांनी ते नाव तुमच्या मालाशी जोडलं होतं हे दाखवावं लागतं. मी पाऊण पानाचं उत्तर पाठवलं, सुरुवातच अशी की पॅनेल हे निवेदन विचारात घेणार असेल तरच माझं हे उत्तर वाचावं. मजकूर इतकाच: मूळ तक्रारीत कंपनीची स्थापना 2016 लिहिली आहे, परिच्छेद अमुक.

17 एप्रिलला पॅनेलिस्टचं नाव कळलं. तिसऱ्याच देशातले, बौद्धिक संपदेचे जुने वकील. नेमणुकीआधी त्यांना निःपक्षपातीपणाचं निवेदन सही करून द्यावं लागतं. त्यांचे आधीचे निकाल विपोच्या साइटवर सापडतात. मी काही वाचले आणि मग बंद केलं; नुसती धाकधूक वाढत होती. निकालासाठी त्यांना साधारण 14 दिवस असतात. या काळात काही करायचं नसतं. सुनावणी नाही, व्हिडिओ कॉल नाही, साक्षीदार नाहीत. फक्त कागद. बोलण्यापेक्षा लिहिणं ज्याला जमतं त्याला हे सोयीचं, पण ज्याला इंग्रजीत लिहिता येत नाही त्याचं काय होत असेल, हा विचार त्या दोन आठवड्यांत वारंवार आला. बहुतेक प्रकरणांत प्रतिवादी उत्तरच देत नाही. उत्तर नाही म्हणून आपोआप हरत नाही, तिन्ही मुद्दे तपासावेच लागतात. पण पॅनेल मौनातून हवा तो अर्थ काढू शकतं, आणि 2009 ची पावती माझ्या इनबॉक्समधून पॅनेलिस्टच्या टेबलावर स्वतः चालत जाणार नव्हती.

3 मेला निकाल आला. तक्रार फेटाळली. पहिला मुद्दा त्यांचा, तिसरा माझा. दुसऱ्यात जायची गरजच नाही असं म्हणून पॅनेलिस्टनी तो सोडून दिला. पुरवणी निवेदन विचारात घेतलं आणि 2008 चा दावा 'मूळ तक्रारीशी विसंगत' म्हणून बाजूला ठेवला.

मी 'रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंग'ची विनंतीही केली होती. हक्काच्या मालकाकडून नाव हिसकावण्यासाठी प्रक्रियेचाच गैरवापर केला, असा तो ठपका. पॅनेलिस्टनी तो ठेवला: वकिलामार्फत तक्रार करणाऱ्याला तारखांकडे बघून हे टिकणार नाही हे कळायला हवं होतं. आनंद झाला. मग विचारलं, पुढं काय? पुढं काहीच नाही. दंड नाही, भरपाई नाही, माझ्या वेळेचा एक डॉलर नाही. यूडीआरपीत तक्रारदार जिंकला तर त्याला नाव मिळतं किंवा ते रद्द होतं. हरला तर सार्वजनिक निकालात एक वाक्य राहतं. त्याच निकालात माझंही पूर्ण नाव छापलेलं आहे आणि ते शोधल्यावर सापडतं. जिंकलेल्या माणसाचं नावही 'सायबरस्क्वॅटर' या शब्दाच्या शेजारी कायमचं राहतं, ही मला या व्यवस्थेतली खरी उणीव वाटते.

निकाल अंतिम आहे का, हे ताईंना पुन्हा विचारलं. नाही. लवादाचे निवाडे देशोदेशी मान्य करायला लावणारा 1958 चा न्यूयॉर्क कन्व्हेन्शन हा करार आहे, त्याखालचा निवाडा हा नव्हे. हरलेला कोर्टात जाऊ शकतो आणि कोर्ट सगळं नव्यानं बघतं. प्रतिवादी हरला तर त्याला कामकाजाचे 10 दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं ठरलेल्या ठिकाणच्या कोर्टात दावा लावला तर नाव हलत नाही. ठिकाण म्हणजे रजिस्ट्रारचं मुख्य कार्यालय किंवा मालकाचा पत्ता, यातलं जे तक्रारदारानं तक्रारीत मान्य केलं असेल ते. बार्सिलोना डॉट कॉमचं प्रकरण प्रसिद्ध आहे: विपोच्या पॅनेलनं नाव शहराच्या नगरपरिषदेला द्यायला सांगितलं आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टानं ते मालकाकडेच ठेवलं. कोर्टाचं ठिकाण आधीच मान्य करायच्या कलमावर आंतरसरकारी संस्था अडून बसतात. त्यांना तहांनी कोर्टापासून संरक्षण दिलेलं असतं, मग त्या तक्रार करताना एखाद्या देशाच्या कोर्टाचा अधिकार मान्य कसा करणार? आयकॅनमध्ये हा घोळ वर्षानुवर्षं चालला. देशोदेशीचा कायदा आणि करारांचा कायदा नेमके कुठं एकमेकांच्या पायात येतात, ते बघायचं असेल तर तो पत्रव्यवहार वाचनीय आहे.

माझा तक्रारदार कोर्टात गेला नाही. काही दिवसांत लॉक निघालं.

त्यानंतर मी जे केलं ते ज्यांच्या नावावर एखादं जुनं डोमेन आहे त्यांनी आजच करावं. रजिस्ट्रारकडचा ईमेल पत्ता चालू आहे ना ते बघा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसेल तर बरं. 'पोस्टमास्टर'कडे येणारे ईमेल कुठंतरी वाचता येतील अशी सोय करा. पहिल्या पावतीची आणि प्रत्येक नूतनीकरणाची प्रत डोमेनच्या खात्याबाहेर ठेवा. रजिस्ट्रार बदलण्याआधी जुन्या खात्यातला सगळा इतिहास उतरवून घ्या. तक्रार चालू असताना नूतनीकरणाची तारीख येत असेल तर ती अजिबात चुकवू नका. आणि हे सगळं डॉट-कॉम, डॉट-ऑर्ग, डॉट-नेटसारख्या नावांचं. देशांच्या नावाच्या टोकांना, म्हणजे दोन अक्षरी शेपट्यांना, आपापले नियम असतात. काही यूडीआरपीच वापरतात, काहींची स्वतःची पद्धत आहे.

आयकॅनच्या अव्यापारी वापरकर्त्यांच्या गटात व्यक्ती म्हणूनही सभासद होता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. मी झालो. धोरणांच्या मसुद्यांवर जाहीर टिप्पणी मागवतात तेव्हा कुणीही लिहू शकतं. ठपका ठेवलेल्या तक्रारदारानं निदान प्रतिवादीचा कागदपत्रांचा खर्च तरी द्यावा, आणि जिंकलेल्या खासगी माणसाला निकालातलं नाव झाकून मागता यावं, अशा दोन सूचना मी लिहून ठेवल्या आहेत. यूडीआरपीचा फेरआढावा सुरू झाला की त्या पाठवणार. तोवर जून 2024 मध्ये साइटवर चार वर्षांनी एक लेख टाकला, ऑगस्टमधल्या पर्सीड उल्कावर्षावाचा.